पिकअपची अदलाबदल: ऑटोमॅटिक देऊन मॅन्युअल आणि दांड्याचा हँडब्रेक घ्यावा का?

हौदेवाला:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सहा वर्षांची डबल कॅब डिझेल पिकअप आहे. ती फोर बाय फोर असून तिला सहा गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि हँडब्रेकच्या जागी बोटाने ओढायचे एक बटण आहे. माझ्या मावसभावाकडे अकरा वर्षांची सिंगल कॅब पिकअप आहे. तीही फोर बाय फोरच, पण पाच गिअरांची मॅन्युअल, मागे पाट्यांचे सस्पेन्शन आणि दोन आसनांच्या मध्ये चांगला मनगटाएवढा जाड हँडब्रेकचा दांडा. भावाचा डावा गुडघा वर्षभरापासून दुखतो आहे आणि दिवसभर क्लच दाबून संध्याकाळी तो लंगडतच गाडीतून उतरतो. मला मात्र त्याची गाडी हातात आली की खऱ्या अर्थाने गाडी चालवल्यासारखे वाटते. त्यामुळे दोघांनी सरळ गाड्या बदलून घ्याव्यात असे आमचे बोलणे चालले आहे. गाड्यांच्या वयात जो फरक आहे त्याचा हिशेब आम्ही घरच्या घरी करू, त्याबद्दल मला काही विचारायचे नाही.

मला विचारायचे आहे ते माझ्या आवडीबद्दल. ही आवड कामाच्या दृष्टीने शहाणपणाची आहे की नुसता जुन्या सवयीचा लळा आहे, हे मला स्वतःला नीट ठरवता येत नाही. दोन प्रसंग सांगतो. एकदा हौदा वाळूच्या पोत्यांनी भरलेला असताना मी चढावर गाडी थांबवली, लिव्हर P मध्ये (पार्किंगच्या जागी) टाकली, बटण ओढायचे विसरलो आणि ब्रेकवरचा पाय काढला. गाडी वीतभर मागे सरकली आणि खटकन अडकली. निघताना लिव्हर P मधून हलता हलेना, दोन्ही हातांनी ओढली तेव्हा खालून असा दणका आला की गिअरबॉक्सचे काहीतरी तुटले, असेच मी धरून चाललो. दुसऱ्या वेळी आतला दिवा रात्रभर चालू राहून बॅटरी पूर्ण उतरली. गाडी सपाट जागेवर उभी होती, ढकलायला चार माणसे तयार होती, पण बटणाचा ब्रेक विजेशिवाय सुटेना आणि लिव्हरही P मधून निघेना. शेवटी दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडेपर्यंत आम्ही सगळे गाडीभोवती नुसते उभे होतो.

भावाच्या गाडीत यातले काहीच नाही. चढावर थांबलो की दांडा ओढायचा, दाते टकटक वाजतात. निघताना क्लच हळूहळू सोडायचा, इंजिनाचा आवाज जरासा जड होतो, बॉनेट बोटभर वर उचलल्यासारखे वाटते, आणि त्याच क्षणी दांडा खाली सोडायचा. गाडी तसूभरही मागे येत नाही. कामाचे म्हणाल तर आठवड्यातले तीन दिवस हौदा भरलेला असतो, महिन्यातून तीन-चारदा ट्रेलर ओढावा लागतो आणि चढ-उतार भरपूर आहेत. अशा वापरासाठी ही अदलाबदल करावी का, आणि करायची असेल तर अकरा वर्षांच्या मॅन्युअल गाडीत नेमके काय तपासून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ग्रीसचे हात:

गाड्यांखाली झोपण्यातच माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे आधी तुमच्या त्या दणक्याविषयी लिहितो. P मध्ये लिव्हर टाकल्यावर गिअरबॉक्सच्या बाहेर जाणाऱ्या शाफ्टवरच्या दातेरी चक्रात एक लहानसा लोखंडी खिळा पडतो. तो ब्रेक नव्हे, ती नुसती कडी आहे. तुम्ही ब्रेकवरचा पाय काढलात तेव्हा वाळूसकट सगळ्या गाडीचा भार त्या बोटभर खिळ्यावर गेला आणि तो दात्यात घट्ट रुतला. लिव्हर ओढताना आलेला दणका हा तो खिळा ताणातून सुटल्याचा होता. एकदोनदा झाल्याने काही मोडत नाही, पण रोज तसे करू नये. योग्य क्रम असा आहे की पायाने ब्रेक दाबून ठेवावा, लिव्हर न्यूट्रलमध्ये आणावी, पार्किंग ब्रेक लावावा, पाय हळूच उचलून भार त्या ब्रेकवर बसू द्यावा आणि मगच P मध्ये टाकावे. हे पाळले तर तुमची सध्याची गाडीदेखील चढावरून लोण्यासारखी निघेल. म्हणजे पहिल्या प्रसंगात दोष ऑटोमॅटिकचा नव्हता, क्रमाचा होता. बॅटरीच्या प्रसंगात मात्र तुमचे म्हणणे खरे आहे. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत लिव्हरच्या शेजारी झाकणाखाली एक खाच असते आणि तिच्यात स्क्रू ड्रायव्हर दाबून लिव्हर विजेशिवाय P मधून काढता येते. परंतु मागच्या कॅलिपरवर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून दाबणाऱ्या भागावर, मोटर असेल तर ब्रेक सुटायला वीजच लागते.

आता भावाच्या गाडीकडे वळू. गाडी पूर्ण थंड असताना बघायला जा, आणि भावाला आधी इंजिन तापवून ठेवू नकोस असे स्पष्ट सांगा. तेल थंड असताना तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकून बघा. सिंक्रोच्या, म्हणजे गिअरांचे वेग जुळवणाऱ्या, रिंगा झिजल्या असतील तर तिथेच करकर ऐकू येईल, कारण दुसरा गिअर हा सगळ्यांत जास्त मार खाणारा असतो. मग न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून क्लच दाबा आणि सोडा. क्लच दाबल्यावरच घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंग संपत आले आहे. उलट क्लच सोडलेला असताना घरघर येऊन दाबल्यावर ती थांबत असेल तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर जातो, आणि ते काम मोठे आहे, गिअरबॉक्स उघडावाच लागतो. क्लचप्लेट पाहण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाने जात असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे फेरे वाढले आणि गाडीचा वेग मात्र तिथेच राहिला तर क्लच घसरतो आहे. हौदा भरून हीच चाचणी घेतली तर अधिक खरे उत्तर मिळेल. उतारावर ॲक्सिलरेटरवरून अचानक पाय काढल्यावर गिअर आपोआप सुटून लिव्हर न्यूट्रलमध्ये येते का, तेही पाहा. आणि गाडीला ड्युअल मास फ्लायव्हील आहे का, हे विचारून घ्या. डिझेल इंजिनाचे हादरे आत स्प्रिंगांमध्ये जिरवणारे हे दोन भागांचे फ्लायव्हील असते. ते झिजले की इंजिन बंद करताना खडखडाट होतो आणि क्लचप्लेट बदलताना त्याचाही खर्च सोबत येतो. साधे अखंड फ्लायव्हील असेल तर नशीबवान आहात.

हँडब्रेकबद्दल एकच सांगतो. दांडा किती दाते चढल्यावर पकडतो ते मोजा. साधारण पाच ते आठ दात्यांच्या आत गाडी धरली गेली पाहिजे. दहाच्या पुढे जात असेल तर कारण शोधल्याशिवाय व्यवहार पक्का करू नका.

दोन पेडल:

मी ठरवून विरोधी बाजू मांडतो आहे, कारण इथे मॅन्युअलचे नाव निघाले की सगळ्यांचे डोळे पाणावतात आणि हिशेब मागे पडतो.

मूळ प्रश्नकर्त्याने ट्रेलरचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे, पण माझ्या मते निर्णय तिथेच होतो. ट्रेलर जोडून चढावर जागेवरून निघताना ऑटोमॅटिकच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलाचा प्रवाह इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे दुप्पट करून गिअरबॉक्सकडे देतो, आणि ते करताना काहीही घासत नाही, फक्त तेल तापते. ते तेल थंड करायला कूलर असतो. मॅन्युअलमध्ये हेच काम क्लचप्लेटला घासून घासून करावे लागते. ट्रेलर चढावर मागे घेण्याचा प्रसंग आठवून बघा. मान वळवलेली, आरशात ट्रेलरचा कोपरा, गाडी मुंगीच्या पावलाने न्यायची, आणि रिव्हर्स गिअर इतका संथ नसतो की क्लच पूर्ण सोडून त्या वेगाने जाता येईल. मग हाफ क्लचवर खेळ चालतो आणि दोन मिनिटांत जळक्या लायनरचा, म्हणजे प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचा, वास केबिनमध्ये येतो. ट्रेलर ओढण्याची मर्यादा काही पिकअपमध्ये मॅन्युअलसाठी कमी दिलेली असते, ती उगीच नव्हे. तेव्हा भावाच्या गाडीचे पुस्तक उघडून तो आकडा आधी वाचा.

बटणाच्या ब्रेकलाही उगाच बदनाम केले जाते. चालत्या गाडीत पायाचा ब्रेक चालेनासा झाला आणि तुम्ही दांडा जोरात ओढला, तर फक्त मागची चाके जागच्या जागी अडकतात आणि रिकाम्या हौद्याची हलकी शेपूट बाजूला फिरू शकते. इलेक्ट्रॉनिक ब्रेकचे बटण चालत्या गाडीत धरून ठेवले तर बहुतेक गाड्यांत संगणक चारही चाकांना ब्रेक लावतो आणि एबीएसच्या साहाय्याने चाके अडकू देत नाही. शिवाय उतार उतरून आल्यावर तापलेल्या डिस्कवर ब्रेक लावून गाडी उभी केली तर थंड होताना डिस्क आकसते आणि पकड सैल होते. मोटरचा ब्रेक काही वेळाने स्वतःच पुन्हा आवळून घेतो. मागे डिस्क असलेल्या गाडीत दांडा ओढून तुम्ही निघून गेलात तर तो पुन्हा आवळायला कोण येणार? बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये सेव्हन सीरिजमध्ये हा ब्रेक आणला, म्हणजे आज तो काही कालपरवाचा प्रयोग राहिलेला नाही.

भावाचा गुडघा दुखतो म्हणून त्याला ऑटोमॅटिक हवी, हे कारण मला पूर्ण पटते. तुमचे कारण मात्र ‘गाडी चालवल्यासारखे वाटते’ एवढेच आहे. वाटण्याला माझी हरकत नाही, फक्त त्याला कामाची सोय असे नाव देऊ नका.

चौथा गिअर:

दोन पेडल यांचा ट्रेलरचा मुद्दा बरोबर आहे, पण गाडी फोर बाय फोर आहे हे ते विसरले. ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत, लो रेंज लावली की वेग साधारण अडीच पटीने कमी होतो आणि मग रिव्हर्समध्ये क्लच पूर्ण सोडूनही ट्रेलर मुंगीच्या पावलाने मागे जातो. प्लेट घासण्याचा प्रश्नच येत नाही. यात एक अडचण आहे. पार्ट टाइम (गरजेपुरतीच लावायची) फोर बाय फोर कडक, कोरड्या जमिनीवर लावून स्टिअरिंग वळवले की पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापायला बघतात आणि सगळा ताण शाफ्टांवर येतो. जुन्या पिकअपच्या पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब, म्हणजे चाक शाफ्टला जोडायची किंवा त्यापासून सोडवायची कडी, असतील तर ते मोकळे ठेवून लो रेंज लावावी. पुढचे शाफ्ट नुसते रिकामे फिरतात, ताकद मागच्याच चाकांना जाते आणि लो रेंजचा संथपणा फुकटात मिळतो. हळू काम असेल तरच हे करावे, कारण त्या वेळी सगळा टॉर्क एकट्या मागच्या ॲक्सलवर असतो. तेव्हा भावाच्या गाडीचे हब कसले आहेत ते पाहून सांगा.

उताराबद्दलही थोडे लिहितो. मॅन्युअलमध्ये दुसरा गिअर टाकला की तो दुसराच राहतो, हे सुख मला मोठे वाटते. पण डिझेल गाडीचे इंजिन ब्रेकिंग पेट्रोलपेक्षा स्वभावतःच सौम्य असते, कारण पेट्रोल इंजिनात बंद थ्रॉटलमुळे हवा ओढतानाच अडथळा होतो आणि साध्या डिझेलमध्ये तशी झडप अडवत नाही. दाबलेली हवा स्प्रिंगप्रमाणे बरीचशी शक्ती परत देऊन टाकते. म्हणून डिझेल पिकअप भरलेली असेल तर ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच्याही एक खालचा गिअर उतरताना धरावा, आणि तो उतार सुरू होण्याच्या आधी टाकावा. मध्यावर पोहोचल्यावर टाकायला गेलात आणि गिअर पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये उतारावर आहे.

हौदेवाला:

सर्वांचे मनापासून आभार. दोन पेडल यांचा शेवटचा परिच्छेद मला बोचला, म्हणजे तो बरोबर असणार. म्हणून आम्ही असे ठरवले की कागद करण्याआधी एक आठवडा नुसत्याच गाड्या बदलून वापरायच्या. आज पाचवा दिवस आहे, आतापर्यंतचे निष्कर्ष लिहितो.

थंड गाडीत तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला तेव्हा अगदी हलकी खरखर आली, तेल तापल्यावर ती गेली. बेअरिंगचा आवाज कुठल्याच स्थितीत नाही. सात पोती टाकून चौथ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला, फेरे आणि वेग बरोबरच वाढले, क्लच घसरत नाही. फ्लायव्हील अखंड आहे. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब आहेत, पण डावीकडचा इतका घट्ट झाला होता की तेल सोडून अर्धा तास थांबल्यावर तो फिरला. भावाने तो किती वर्षांत हलवला नव्हता हे त्यालाही आठवत नाही. चौथा गिअर यांच्या सांगण्याप्रमाणे हब मोकळे ठेवून लो रेंजमध्ये ट्रेलर मागे घेतला. क्लचवरचा पाय पूर्ण काढून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून मी शांतपणे मागे आलो. माझ्या ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकवर पाय ठेवून तेवढेच हळू जाता येते हे मान्य आहे, पण आता मॅन्युअलच्या विरोधातला तो मुद्दा तरी माझ्यापुरता मिटला.

हँडब्रेकची गोष्ट मात्र वाईट निघाली. दांडा अकरा दाते चढतो. रिकामी गाडी चढावर धरली जाते, पण हौदा भरल्यावर उताराकडे तोंड करून उभी केली तर ती बारीक बारीक सरकत राहते. पहिल्या दिवशी ज्या ब्रेकचे मी इथे एवढे कौतुक लिहिले तो माझ्या आठवणीतलाच होता. मी भावाला विचारले तर तो म्हणाला की दर वर्षी दांड्याखालचा केबलचा नट थोडा आवळून घेतो. आता पुढे नट आवळायला जागाच उरलेली नाही. केबल बदलावी का?

ग्रीसचे हात:

केबलला हात लावण्याआधी थांबा. तुमच्या भावाने जे केले ते मी शंभरातल्या नव्वद गाड्यांत बघतो. ड्रमच्या आतले ब्रेक शू झिजले की दांडा वर चढायला लागतो, आणि माणूस शू जवळ आणण्याऐवजी दुसऱ्या टोकाला, आपल्या हाताशी असलेला केबलचा नट आवळतो. त्याने दांडा दोन दिवस खाली येतो खरा, पण केबल कायमची ताणलेली राहिल्याने ड्रममधला लिव्हर आपल्या मूळ जागी परतच येत नाही. अनेक गाड्यांत झीज आपोआप भरून काढणारी यंत्रणा त्या लिव्हरच्या हालचालीवरच चालते, त्यामुळे ती बंद पडते. म्हणजे दर वर्षी नट आवळून तुमच्या भावाने ब्रेक दर वर्षी थोडा अधिक बिघडवला.

काम उलट्या टोकाने करायचे असते. आधी नट पूर्ण सैल करा. सपाट जागेवर, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावून, मागची बाजू जॅकवर घ्या आणि खाली घोडे, म्हणजे गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, लावा. ड्रम काढून आतली धूळ ओल्या फडक्याने पुसा, ती फुंकू नका. लायनर किती उरले आहे, सिलिंडरमधून ब्रेक ऑइल पाझरून लायनरवर आले आहे का, ते पाहा. ऑइल लागलेले लायनर पुसून वापरता येत नाही, जोडी बदलावीच लागते. सगळे ठीक असेल तर ड्रम चढवून आतले दातेरी चाक फिरवत शू ड्रमला लागेपर्यंत आणा आणि मग थोडे मागे घ्या, चाक हाताने फिरवल्यावर हलकीशी खस्स ऐकू आली पाहिजे, चाक अडता कामा नये. हे दोन्ही चाकांचे झाल्यावरच केबलचा नट आवळायचा, तोही फक्त ढिलाई जाईपर्यंत. केबल तिच्या नळीत गंजून अडकत असेल तर बदला, एरवी ती गरीब निर्दोष आहे.

आणखी एक गोष्ट लिहितो, कारण फोर बाय फोर गाडीत ती जिवावर बेतू शकते. ट्रान्सफर केसलाही स्वतःचे न्यूट्रल असते. लो रेंज लावताना किंवा काढताना तो लिव्हर मध्येच राहिला, तर गिअरबॉक्स आणि चाके यांच्यातला संबंधच तुटतो. मग मॅन्युअलमध्ये पहिला गिअर टाकून ठेवा किंवा ऑटोमॅटिकमध्ये P, गाडी मोकळीच असते आणि तिला धरून ठेवणारा फक्त हँडब्रेक उरतो. तुम्ही आता लो रेंज वरचेवर वापरणार आहात, तेव्हा अकरा दात्यांचा हँडब्रेक घेऊन ते करू नका. तसेच मागचे एकच चाक जॅकवर उचलताना गिअर किंवा P यांच्यावर विसंबू नका, कारण साध्या डिफरन्शिअलमध्ये, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांत, उचललेले चाक उलटे फिरू लागते आणि जमिनीवरचे चाक गाडीला घेऊन निघते. हँडब्रेक दोन्ही चाकांना स्वतंत्रपणे धरतो, म्हणून तिथे तोच कामाचा, आणि वर ठोकळेही हवेतच.

दोन पेडल:

वरचे सगळे वाचून मला एवढेच म्हणायचे आहे की बटणाच्या ब्रेकमध्ये दर वर्षी चुकीचा नट आवळण्याची सोय नाही, हाही एक गुणच मानावा. मात्र ज्यांच्याकडे ही गाडी जाणार आहे त्या मावसभावांना माझ्याकडून एक निरोप द्या. मागचे पॅड बदलताना आधी ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये नेऊन मोटरला पिस्टन मागे घेऊ द्यावा. ज्याला हे ठाऊक नाही असा कारागीर शिकंजा लावून पिस्टन दाबतो आणि मोटरचे आतले गिअर तोडतो.

जुनी वाट:

मी इथे फारसे लिहीत नाही, पण विषय आवडीचा निघाला. कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोमेश गिअरबॉक्स आणला त्याआधी प्रत्येक गिअरला क्लच दोनदा दाबून, मध्ये नेमकी रेस देऊन दात्यांचा वेग जुळवावा लागे. ती कला गेली. पुढे ओल्ड्समोबाइलच्या १९४० च्या गाड्यांत हायड्रामॅटिक आला आणि क्लचचे पेडलच गेले. पिकअपमध्ये मॅन्युअल बराच काळ टिकून राहिला, कारण या गाड्या घेणारे लोक गाडीकडून मोठ्या वयापर्यंत कष्ट करून घेणारे होते. तिथेही आता तो आटत चालला आहे. फोर्डच्या एफ-१५० मधून तो २००८ नंतर गेला, रॅमच्या अवजड पिकअपमध्ये कमिन्स डिझेलसोबत मिळणारा सहा गिअरांचा मॅन्युअल २०१८ च्या मॉडेलनंतर बंद झाला. टोयोटाने टॅकोमाच्या २०२४ च्या नव्या पिढीत तो ठेवला, पण त्यात इंजिन २७० अश्वशक्तीचे आहे आणि त्याच इंजिनाला ऑटोमॅटिकसोबत २७८ अश्वशक्ती मिळते.

हे सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. हौदेवाला, तुम्ही आज ऑटोमॅटिक देऊन मॅन्युअल घेत आहात, पण काही वर्षांनी उलटा विचार मनात आला तर ऑटोमॅटिक कुठेही मिळेल. चांगली राखलेली मॅन्युअल पिकअप शोधायला मात्र पायपीट करावी लागेल. भाऊ घरचा आहे, गाडी कशी वापरली गेली हे डोळ्यांसमोरचे आहे, नट आवळण्याची सवय सोडली तर. अशी गाडी अनोळखी माणसाकडून मिळत नाही. कागदांच्या बाबतीत एवढेच लक्षात ठेवा की तोंडी अदलाबदल झाली तरी दोन्ही गाड्यांची मालकी कागदोपत्री वेगवेगळी बदलावी लागते. दोन्ही नोंदण्या आणि दोन्ही विमे एकाच दिवशी नावावर करून घ्या. नाहीतर अपघात एका गाडीचा आणि जबाबदारी दुसऱ्या भावाची, असा प्रसंग येतो.

हौदेवाला:

आठवडा संपून वर चार दिवस झाले, म्हणून शेवटचे लिहितो.

रविवारी ड्रम उघडले. उजव्या बाजूचे लायनर जेमतेम उरले होते आणि डाव्या बाजूला दातेरी चाक गंजून एकाच जागी बसले होते, म्हणजे इतकी वर्षे हँडब्रेक जवळजवळ एकाच चाकावर चालला होता. दोन्ही बाजूंना नवीन शू टाकले, दातेरी चाके साफ करून ग्रीस लावून बसवली आणि ग्रीसचे हात यांनी सांगितल्याप्रमाणे खस्स ऐकू येईपर्यंत फिरवली. केबलला काहीच झालेले नव्हते. शेवटी नट आवळला तेव्हा भाऊ शेजारी उभा राहून ‘एवढाच?’ असे दोनदा म्हणाला. आता दांडा सहाव्या दात्यावर पकडतो. नऊ पोती टाकून, उताराकडे तोंड करून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून गाडी दहा मिनिटे उभी केली आणि पुढच्या चाकासमोर खडूने रेघ मारून ठेवली होती. चाक रेघेला शिवले नाही.

अदलाबदल पक्की केली आहे. ट्रेलरचा आकडा पुस्तकात पाहिला, माझ्या नेहमीच्या ट्रेलरला तो पुरतो. वर्षातून एकदोनदा जो मोठा ट्रेलर लागतो त्याला पुरत नाही, तेव्हा त्या दिवशी गाड्या पुन्हा बदलून घ्यायच्या असे ठरले आहे. दोन पेडल यांच्या आक्षेपाला माझे उत्तर असे की ‘चालवल्यासारखे वाटते’ हे कारण मी मागे घेत नाही, पण त्याला सोय म्हणणे सोडून दिले आहे. बॅटरी उतरली तर दुसऱ्या गिअरमध्ये ढकलून गाडी सुरू होईल, ही आशाही मी मनात धरली होती. ती मात्र ग्रीसचे हात यांनी निरोपातून मोडून काढली. बॅटरी थोडीफार शिल्लक असेल तरच ते जमते, पूर्ण मेली असेल तर इंजिनाचा संगणकच जागा होत नाही, असे त्यांनी कळवले आहे. निदान हँडब्रेक सोडून गाडी बाजूला ढकलता तरी येईल.

भाऊ माझी गाडी घेऊन गेला तेव्हा पहिल्याच वळणावर त्याच्या डाव्या पायाने सवयीने क्लच शोधला, पाय रुंद ब्रेक पेडलवर पडला आणि मागे ठेवलेला त्याचा जेवणाचा डबा थेट डॅशबोर्डपर्यंत आला. तेव्हापासून तो डावा पाय आसनाखाली दुमडून गाडी चालवतो आणि त्यामुळे गुडघा पुन्हा दुखतो अशी तक्रार करतो. डाव्या पायासाठी जो सपाट टेकू दिलेला असतो, तो कशासाठी आहे ते उद्या जाऊन त्याला दाखवणार आहे.